वाफेचं टर्बाइन गरगर फिरतं, पण जनरेटर जोडला की थांबतं! नेमकं चुकतं कुठे?

विज्ञान प्रदर्शनात एक मॉडेल हमखास दिसतं. छोटा बॉयलर, त्यातून निघालेली नळी, नळीच्या तोंडाशी पत्र्याचं पातीदार चाक आणि चाकाला जोडलेली खेळण्यातली मोटर. पाणी उकळलं की वाफ सुटते, चाक फिरतं, मोटर जनरेटरचं काम करते आणि दिवा लागतो. निदान कागदावर तरी असंच असतं.

प्रत्यक्षात बऱ्याचदा होतं ते असं: चाक एकटं असताना भिंगरीसारखं फिरतं. मोटर जोडली की रेंगाळतं. दिवा जोडला की थांबतंच.

मग पहिला उपाय सुचतो तो म्हणजे "वाफेचा दाब वाढवूया". हा उपाय बहुतेक वेळा निरुपयोगी असतो आणि धोकादायक तर असतोच. कारण अशा मॉडेलमध्ये खरी अडचण बहुधा दाबाची नसते. टर्बाइनला वेगात फिरायचं असतं, जनरेटरला फिरवायला जोर लागतो आणि या दोघांचा मेळ बसलेला नसतो. हा मेळ कसा बसवायचा, ते एकेक तपासणी करत पाहूया.

आधी हे वाचा: दाबाशी खेळ नको

घरातल्या कुकरची शिट्टी साधारण १ बार जादा दाबाला उडते. म्हणजे बाहेरच्या हवेचा जेवढा दाब आहे, तेवढाच आणखी. त्या दाबाला आतलं पाणी १०० नाही, तर सुमारे १२० अंश सेल्सिअसला उकळत असतं. भांडं अचानक फुटलं, तर १ लिटर पाण्यातलं ३५ ते ४० ग्रॅम पाणी क्षणात वाफ बनतं आणि ती वाफ जवळपास ६० लिटर जागा व्यापते. उरतं ते उकळतं पाणी, तेही अंगावर उडतं.

म्हणून काही नियम पक्के ठेवा.

सेफ्टी व्हॉल्व्ह नसलेला बॉयलर पेटवायचाच नाही. सेफ्टी व्हॉल्व्हवर वजन ठेवणं, तो बांधणं किंवा बंद करणं म्हणजे अपघाताला आमंत्रण. घरच्या कुकरला भोक पाडू नका आणि शिट्टीच्या जागी नळी बसवू नका. पत्र्याचे बंद डबे, रंगाचे डबे, काचेच्या बाटल्या यांचा बॉयलर करू नका. साध्या सोल्डरने जोडलेले सांधेही नकोत. इलेक्ट्रॉनिक्सचं नेहमीचं सोल्डर १८३ अंशांच्या आसपास वितळतं, आणि पाणी आटलं की पत्रा त्याच्या पलीकडे तापायला वेळ लागत नाही.

दाबाची चाचणी झालेला, सेफ्टी व्हॉल्व्ह आणि प्रेशर गेज असलेला तयार मॉडेल बॉयलर वापरा. नोझल क्षाराने बुजू नये म्हणून डिस्टिल्ड वॉटर घाला. डोळ्यांवर चष्मा, चाकाभोवती भक्कम आडोसा आणि शेजारी एक जाणता मोठा माणूस, एवढं हवंच.

चांगली गोष्ट अशी, की खाली दिलेल्या बऱ्याच तपासण्या वाफेशिवायच करता येतात.

एकटं फिरणारं चाक आपल्याला फसवतं

मोकळं चाक फिरतं तेव्हा त्याला फक्त बेअरिंगचं घर्षण आणि हवेचा अडथळा यांच्याशी झगडायचं असतं. त्यामुळे ते कितीही जोरात फिरलं, तरी त्यात किती ताकद आहे हे कळत नाही.

जनरेटरचं तसं नसतं. त्यातून करंट घ्यायला लागलो, की तो करंटच फिरण्याला विरोध करतो. जेवढा करंट जास्त, तेवढा विरोध जास्त. हे हातानेच करून पाहा. मोटरची दोन टोकं मोकळी ठेवून दांडा बोटांनी फिरवा. मग दोन्ही टोकं एकमेकांना जोडून फिरवा. दुसऱ्या वेळी दांडा जड लागेल. टर्बाइनलाही नेमकं हेच जाणवत असतं.

आपल्या हातात वीज असते तरी किती?

समजा तुमचा बॉयलर मिनिटाला १० ग्रॅम पाण्याची वाफ करतो. ३० अंशांच्या एका ग्रॅम पाण्याची वाफ करायला सुमारे २,५५० ज्यूल उष्णता लागते. म्हणजे पाण्यात सेकंदाला सुमारे ४२५ ज्यूल, अर्थात ४२५ वॅट शिरत आहेत. ऐकायला भरपूर वाटतं.

पण यातली बहुतेक उष्णता वाफेबरोबर हवेत निघून जाते. १ बार जादा दाबाची वाफ नोझलमधून बाहेर पडताना, सगळं आदर्श असलं तरी, झोतात जास्तीत जास्त २० वॅट ताकद उतरते. साधं चाक त्यातली दहावा हिस्सा जरी पकडू शकलं तरी २ वॅट. बेअरिंग, पट्टा, शिंतोडे यांत निम्मं गेलं तर १ वॅट. छोट्या मोटरने त्यातल्या निम्म्याचीच वीज केली तर हाती उरतो अर्धा वॅट.

अर्ध्या वॅटमध्ये काय चालतं? पांढऱ्या एलईडीला ३ व्होल्ट आणि २० मिलिअँपिअर दिले, तर ०.०६ वॅट लागतात. म्हणजे सात-आठ एलईडी छान लागतील. पण २.५ व्होल्ट, ०.३ अँपिअरचा टॉर्चचा जुना बल्ब ०.७५ वॅट मागतो. तो लागणार नाही. मोबाइल चार्ज करायचा बेत तर सोडूनच द्या.

तेव्हा आपल्या मॉडेलकडून अपेक्षा काय ठेवायची, हे आधी ठरवा. अर्ध्या वेळा बिघाड यंत्रात नसतो, अपेक्षेत असतो.

तपासणी १: जनरेटरला टर्बाइनपासून वेगळं करा

खेळण्यातल्या साध्या ३ व्होल्टच्या मोटरी मोकळ्या असताना मिनिटाला १० हजारांहून जास्त फेरे घेतात. याचा अर्थ उलटाही होतो. तिच्याकडून ३ व्होल्ट हवे असतील, तर तिला मिनिटाला १० हजारांच्या वरच फिरवावं लागेल. तुमचं चाक भाराखाली २ हजारांवर येत असेल, तर अर्धा-पाऊण व्होल्ट मिळेल आणि एलईडी ढिम्म हलणार नाही.

म्हणून मोटर निवडताना "किती व्होल्टची" एवढंच पाहू नका, "एका व्होल्टला किती फेरे" ते पाहा. १२ व्होल्टला ६,००० फेरे घेणारी मोटर म्हणजे व्होल्टमागे ५०० फेरे. तिच्याकडून ३ व्होल्ट मिळवायला साधारण १,५०० फेरे पुरतात, भार असताना थोडे जास्त. जुन्या प्रिंटरमधून निघालेल्या २४ व्होल्टच्या डीसी मोटरी या कामाला चांगल्या.

तपासायचं कसं? मोटरचा दांडा हँड ड्रिलच्या चकमध्ये धरा, एलईडी जोडा आणि ड्रिल हळूहळू वाढवा. ड्रिलच्या पाटीवर कमाल फेरे लिहिलेले असतात. पूर्ण वेगातही एलईडी लागत नसेल, तर टर्बाइनला दोष देऊ नका. मोटर बदला.

आणखी एक गोष्ट. काही मोटरींचा दांडा बोटाने फिरवला की टक-टक अडखळतो, कारण आतले चुंबक लोखंडाला धरून ठेवतात. स्टेपर मोटरमध्ये हे फारच जाणवतं. अशी अडखळ जितकी कमी, तितकी मोटर आपल्या कामाची.

तपासणी २: चाक किती वेळ फिरत राहतं?

चाकाला बोटाने एक टिचकी मारा आणि थांबेपर्यंतचे सेकंद मोजा. मग मोटर जोडून, पण तिची टोकं मोकळी ठेवून, तेच करा. पहिल्या वेळी २० सेकंद आणि दुसऱ्या वेळी २ सेकंद आले, तर वाफेचा प्रश्नच नाही. जोडणीतच ताकद जात आहे.

याचं नेहमीचं कारण म्हणजे चाकाचा दांडा आणि मोटरचा दांडा एका रेषेत नसणं. घट्ट कपलिंगऐवजी सिलिकॉन नळीचा छोटा तुकडा वापरला, तर किंचित फरक तो सांभाळून घेतो. स्केटच्या चाकातलं बेअरिंग वापरलं असेल, तर त्यातलं घट्ट ग्रीस आणि रबरी सीलही चाकाला अडवतात. ग्रीस धुऊन शिलाई मशीनच्या पातळ तेलाचा एक थेंब सोडा.

तपासणी ३: वाफ खरंच किती होते?

बॉयलरमध्ये पाणी मोजून घाला. वाफ नीट सुटू लागली की घड्याळ लावा. १० मिनिटांनी आच बंद करा, सगळं पूर्ण थंड होऊ द्या आणि उरलेलं पाणी मोजा. किती कमी झालं त्याला १० ने भागा. ही तुमच्या बॉयलरची खरी कुवत. पाणी पूर्ण आटेपर्यंत मात्र कधीच थांबू नका.

हा आकडा मिनिटाला ३-४ ग्रॅमच असेल, तर आच कमी पडते आहे. ज्योत बाजूने वाया जात असेल तर वाऱ्याला आडोसा करा. दाब वाढवून इथे काही मिळत नाही, कारण वाफ आचेवर तयार होते, दाबावर नाही.

तपासणी ४: नोझलचं भोक

इथे बहुतेकांचा अंदाज चुकतो. "भोक मोठं, तर वाफ जास्त, तर ताकद जास्त" असं वाटतं. पण वाफ किती सुटणार हे बॉयलर ठरवतो.

१ बार जादा दाबाला १ मिमी व्यासाच्या भोकातून मिनिटाला साधारण १४ ग्रॅम वाफ जाते. २ मिमीचं भोक केलं तर क्षेत्रफळ चौपट, म्हणजे जवळपास ५५ ग्रॅम. तुमचा बॉयलर १० ग्रॅमच करत असेल, तर २ मिमीच्या भोकातून वाफ नुसती निघून जाईल आणि दाब तयारच होणार नाही. झोत दिसायला मोठा, पण मऊ. १० ग्रॅमसाठी ०.८ ते ०.९ मिमीचं भोक योग्य.

उलट भोक फारच बारीक केलं, तर वाफ सेफ्टी व्हॉल्व्हमधून फुसफुसत राहील. तसं होत असेल तर व्हॉल्व्ह घट्ट करू नका. आच कमी करा किंवा भोक थोडं मोठं करा.

भोकाच्या कडा साफ असाव्यात. नोझल चाकापासून एक-दोन मिमीवर असावं आणि झोत पात्यांवर शक्य तितका स्पर्शरेषेच्या दिशेने पडावा. चाकावर झाकण असेल, तर वापरलेली वाफ बाहेर जायला मोठी वाट ठेवा. नाहीतर चाक वाफेच्या धुक्यातच घुसळत बसतं.

नळीतून पाण्याचे थेंब थुंकल्यासारखे येतात का? मग नळी आखूड करा, तिला सुती दोरी गुंडाळा आणि बॉयलर दोन तृतीयांशापेक्षा जास्त भरू नका. नळी तापेपर्यंत सुरुवातीची ओली वाफ चाकाच्या बाजूला, मोकळ्या जागेत जाऊ द्या.

तपासणी ५: चाक हळू फिरतं, म्हणूनच ताकद कमी

आता मूळ मुद्दा. १ बार जादा दाबाच्या वाफेचा झोत आदर्श परिस्थितीत सेकंदाला सुमारे ४८० मीटर वेगाने सुटतो. अशा झोताने ढकलल्या जाणाऱ्या चाकाची कड झोताच्या साधारण निम्म्या वेगाने फिरली, तरच ते सगळ्यात जास्त ताकद पकडतं. ८ सेमी व्यासाच्या चाकासाठी हा वेग मिनिटाला ५७ हजार फेऱ्यांच्या घरात जातो!

मॉडेलचं चाक ३ हजार फेऱ्यांवर असतं, तेव्हा त्याची कड सेकंदाला जेमतेम साडेबारा मीटर जाते. हिशेबाप्रमाणे उत्तम वाटीसारखी पाती असली तरी ते झोतातली १० टक्केच ताकद पकडू शकतं. सपाट पाती असतील तर ५ टक्के. तेच वाटीदार चाक १० हजार फेऱ्यांवर गेलं, तर हा आकडा ३० टक्क्यांच्या आसपास पोहोचतो. झोत तोच, आच तीच, ताकद तिप्पट.

झोताचा धक्काही लहान असतो. मिनिटाला १० ग्रॅम वाफेचा झोत सपाट पात्याला साधारण ८ ग्रॅम वजनाएवढा ढकलतो, म्हणजे दोन छोटे चमचे साखर. एवढ्याशा जोरावर अडखळणारी मोटर थेट फिरवायची म्हटली, तर चाक थांबणारच.

ही अडचण नवी नाही. स्वीडनचे गुस्ताफ डी लाव्हाल यांनी १९ व्या शतकाच्या शेवटी बनवलेलं टर्बाइन मिनिटाला ३० हजार फेऱ्यांपर्यंत जायचं. एवढ्या वेगाने कोणतंच नेहमीचं यंत्र फिरवता येईना, म्हणून त्यांना वेग कमी करणारे गिअर लावावे लागले. ब्रिटनमधले चार्ल्स पार्सन्स यांनी १८८४ मध्ये दुसरा रस्ता धरला. वाफेचा दाब एकदम न सोडता टप्प्याटप्प्याने अनेक पात्यांच्या रांगांमधून उतरवला आणि तरीही १८ हजार फेऱ्यांवर चालणाऱ्या टर्बाइनसाठी तेवढ्याच वेगाचा डायनॅमो बनवला.

याच पार्सन्स यांच्या 'टर्बिनिया' बोटीचं उदाहरण तर आपल्या मॉडेलला तंतोतंत लागू पडतं. १८९४ च्या पहिल्या चाचण्यांत बोट अपेक्षेपेक्षा बरीच हळू गेली. टर्बाइनची ताकद पंख्याला पाण्यात नीट उतरवताच येत नव्हती. पार्सन्स यांनी टर्बाइनची विभागणी तीन दांड्यांवर केली, प्रत्येकावर तीन पंखे बसवले आणि १८९७ मध्ये तीच बोट ३४ नॉटपर्यंत धावली. बॉयलर बदलून हे झालं नाही. टर्बाइन आणि भार यांचा मेळ बसला, म्हणून झालं.

आपल्याकडे कोराडी किंवा चंद्रपूरच्या वीज केंद्रांतली मोठी टर्बाइन मिनिटाला ३,००० फेऱ्यांवर चालतात, कारण ५० हर्ट्झची वीज हवी असते. त्यांना तो वेग परवडतो, कारण त्यांची चाकं मोठी असतात आणि पात्यांच्या रांगा अनेक असतात. आपलं एकच छोटं चाक त्यांची नक्कल करू शकत नाही.

तपासणी ६: पुली उलटी तर बसवली नाही ना?

"जनरेटर वेगात फिरला पाहिजे" या विचाराने अनेक जण टर्बाइनवर मोठी पुली आणि मोटरवर छोटी पुली लावतात. सायकलच्या डायनॅमोसारखं. पण सायकलमागे पायांचा भरपूर जोर असतो. वाफेच्या चाकाकडे वेग असतो, जोर नसतो. त्यामुळे पुली अगदी उलट हवी: टर्बाइनवर छोटी, जनरेटरवर मोठी.

समजा प्रमाण १:५ ठेवलं. टर्बाइन १० हजार फेऱ्यांवर गेलं की जनरेटर २ हजार फेरे घेईल. व्होल्टमागे ५०० फेऱ्यांची मोटर असेल, तर ४ व्होल्ट मिळतील. आणि टर्बाइनला मोटरचा अडथळा पाचपटीने हलका लागेल. पट्टा म्हणून पातळ ओ-रिंग चालते, पण ती ताणून बसवू नका. ताणलेला पट्टाच सगळी ताकद खातो.

वेग वाढवताना चाकाची मजबुती मात्र आधी पाहा. गोंदाने चिकटवलेली पाती १० हजार फेऱ्यांना सुटून उडू शकतात. थ्रीडी प्रिंटरच्या पीएलए प्लास्टिकचं चाक तर ६० अंशांच्या आसपासच मऊ पडतं, वाफेत ते टिकणारच नाही. एकाच पत्र्यातून कापून दुमडलेली पाती किंवा भरीव धातूचं चाक, तेही समतोल केलेलं, हाच सुरक्षित पर्याय.

तपासणी ७: भार शेवटी जोडा

टर्बाइनला आधी मोकळं वेगात येऊ द्या, मग भार जोडा. दिव्याच्या वायरीत एक बटण असलं की काम झालं.

टॉर्चचा बल्ब थंड असताना त्याचा रेझिस्टन्स तापलेल्या बल्बच्या दहाव्या हिश्श्याएवढाच असतो. म्हणजे सुरुवातीलाच तो सगळ्यात जास्त करंट ओढतो. रिकामा मोठा कपॅसिटरही तसाच वागतो. म्हणून सुरुवात लाल एलईडीने करा. तिला सुमारे २ व्होल्ट पुरतात. सोबत १०० ओहमचा रेझिस्टर लावा आणि एलईडीची दिशा तपासा. उलटी जोडली तर ती लागत नाही.

मल्टिमीटर असेल तर दोन आकडे टिपा: भार नसताना किती व्होल्ट आणि भार असताना किती. ५ वरून ३ वर आले तर ठीक. ५ वरून ०.४ वर आले तर भार झेपत नाही, एलईडी कमी करा.

थोडक्यात: लक्षण आणि कारण

चाक फिरतं, व्होल्ट येतात पण कमी: मोटर चुकीची, व्होल्टमागे कमी फेऱ्यांची मोटर घ्या.

मोटर जोडताच थांबतं, दिवा नसतानाही: घर्षण, वाकडी जोडणी, अडखळणारी मोटर किंवा उलटी पुली.

दिवा जोडल्यावरच थांबतं: भार जास्त आहे.

झोत मोठा, पण गेजवर दाब नाही: नोझलचं भोक मोठं किंवा आच कमी.

सुरुवातीला चालतं, मग मंदावतं: बॉयलरची कुवत संपली किंवा नोझल बुजत चाललं आहे. लगेच आच बंद करा आणि थंड झाल्यावर पाणी व नोझल तपासा.

पाणी उडतं, चाक झटके खातं: वाफ ओली आहे.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि प्रत्येक वेळी व्होल्ट लिहून ठेवा. प्रदर्शनात परीक्षकांनी विचारलं, तर लागलेल्या एलईडीइतकीच ही वहीही दाखवण्यासारखी असते. "वाफ कमी पडली" असं मोघम उत्तर देण्यापेक्षा ४२५ वॅटमधले किती, कुठे आणि का गेले हे तुम्ही आकड्यांत सांगू शकाल. आणि त्यासाठी सेफ्टी व्हॉल्व्हला एकदाही हात लावावा लागलेला नसेल.